मुक्कामाची पेठ

परगांवीं जावयाचें म्हटलें म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो गाडीचा, आणि दुसरा मुक्कामाचा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर वेळापत्रक देतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र बहुधा संवय देते. ‘पुण्यास जातां ना? मग पेठेंतच उतरा,’ असें वडिलांनीं सांगितलेलें असतें, आणि वडिलांस तें त्यांच्या वडिलांनीं सांगितलेलें असतें. हा सल्ला एके काळीं शहाणपणाचा होता यांत संशय नाहीं. परंतु शहर हलतें आणि सल्ला जागच्या जागीं राहतो. या दोहोंमध्यें पडणारें अंतर किती महाग असतें याचा एक अनुभव मागें आमच्याच घरीं आला, व त्यांतूनच प्रस्तुत लेख लिहिण्याचें मनांत आलें.

आमचे एक जुने स्नेही विदर्भांत असतात. त्यांच्या मुलानें आय. टी. आय. मध्यें फिटरचा अभ्यासक्रम पुरा केला आणि चाकण येथील एका कारखान्यांतून त्यास चांचणीसाठीं बोलावणें आलें. वेळ सकाळीं आठाची. आदल्या दिवशीं पितापुत्र पुण्यास आले. चाकणास एखादी खोली पाहावी असा त्यांचा विचार होता. परंतु आम्हींच तो मोडून काढला. ‘घर असतां लॉजमध्यें उतरणें शोभतें का?’ असें म्हणून त्यांस सदाशिव पेठेंत आमच्या घरीं आणलें, रात्रीं गप्पा झाल्या, आणि सकाळीं सहा वाजतां आम्हीं त्यांस निरोप दिला. नाशिक रस्त्यावर मालमोटारींची रांग लागली होती. कारखान्याच्या दारापाशीं तीं दोघें पोहोंचलीं तेव्हां पावणेनऊ झाले होते. दार बंद झालें होतें, व पुढील खेपेस यावें असें त्यांस सांगण्यांत आलें.

दुपारीं घरीं परतल्यावर स्नेह्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं. पाणी पिऊन झाल्यावर ते एवढेंच म्हणाले, ‘अहो, चाकण म्हणजे पुणें नव्हे तर!’

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. नकाशा आम्हीं पाहिलेला होता. चाकण पुण्यापासून सुमारें ३० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें नऊ-दहा कोस, हेंहि ठाऊक होतें. तरीहि पुण्याकडे येणाऱ्यानें पेठेंत उतरावें हें आमच्या मनांत इतकें पक्कें होतें कीं, त्याचें काम कोठें आहे हा प्रश्न आम्हीं विचारलाच नाहीं. ही समजूत आली कोठून, आणि पूर्वींचे शहाणे लोक मुक्काम कशावरून निवडीत, हें पाहावें म्हणून आम्हीं जुनी पानें चाळलीं. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

चाकण म्हणजे पुणें नव्हे, हें साडेतीनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एका मोंगल सरदारास चांगलें समजलें होतें. इ. स. १६६० च्या उन्हाळ्यांत औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यास आला. पावसाळा तोंडावर होता. एवढ्या फौजेस लागणारी रसद अहमदनगराकडून यावयाची, आणि त्या दृष्टीनें पुण्याहून चाकण सोयीचें. तेथील भुईकोट किल्ला, संग्रामदुर्ग, लहान असला तरी रस्त्यांच्या नाक्यावर बसलेला होता. खानानें चाकणास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें तो भर पावसांत जवळजवळ दोन महिने झुंजविला. शेवटीं बुरुजाखालीं सुरुंग उडाला आणि ऑगस्टांत किल्ला पडला. खानास चाकण महाग पडलें खरें. परंतु आपल्या कामास कोणती जागा उपयोगी हा त्याचा हिशेब चुकला नव्हता.

चुकला तो पुढला हिशेब. चाकण घेतल्यावर खान पुण्यास परतला आणि मुक्कामासाठीं त्यानें लाल महाल निवडला. गांवांतील मोठें घर तें, आणि शत्रूचें घर. त्यांत राहण्यांत सोयहि होती व मिरवणूकहि. परंतु ज्या घरांत शिवाजी महाराजांचें बालपण गेलें, त्याचीं दारें, बोळ आणि भिंती पाहुण्यापेक्षां घरधन्यास अधिक ठाऊक असणार हें खानाच्या ध्यानांत आलें नाहीं. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं महाराज निवडक माणसांनिशीं आंत शिरले. मुदपाकखान्याकडील बुजविलेली वाट फोडून ते जनान्यापर्यंत पोहोंचले. खानाचीं बोटें तुटलीं, त्याचा मुलगा मारला गेला, आणि पुढें बादशहानें खानाची रवानगी बंगाल्याकडे केली. आज पुण्यांत जो लाल महाल दिसतो तो मूळचा नव्हे, अलीकडे बांधलेला आहे. परंतु मुक्कामाविषयींचा धडा जुनाच आहे. आमच्या मतें, चाकण खानानें कामाकडे पाहून निवडलें आणि लाल महाल मानाकडे पाहून निवडला. एकाच पाहुण्याच्या या दोन निवडी, आणि दोहोंचीं फळें अगदीं निरनिराळीं.

पुढें पुणें पेशव्यांचें झालें आणि पेठांचें शहर वाढलें. कसबा ही सर्वांत जुनी. शहापूर, मलकापूर, विसापूर अशीं ज्यांचीं जुनीं नांवें होतीं त्या पेठा सोमवार, रविवार, शुक्रवार झाल्या. पानिपतावर १७६१ मध्यें पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नांवानें सदाशिव पेठ वसली, १७७३ मध्यें मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांचें नांव नारायण पेठेनें राखलें. नागझरीच्या पूर्वेस भवानी व नाना या पेठा व्यापाराच्या म्हणून भरल्या. या काळीं पुण्यास येणाऱ्यास ‘कोठें उतरावें’ हा प्रश्न पडत नसे, कारण त्याचें उत्तर त्याच्या कामांतच असे. गूळ-धान्याचा व्यापारी आपल्या अडत्याच्या पेठेंत उतरे. दरबारीं अर्ज घेऊन आलेला वकील ज्या सरदाराचें पत्र आणी त्याच्या वाड्याच्या आसपास राही. श्रावणमासीं दक्षिणेसाठीं दूरदूरचे शास्त्री येत, त्यांच्या गर्दीचा ओघ पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्याकडे वाहे. पेठ हा शब्द मूळचा बाजाराचा. मनुष्य बाजारांत जातो तो काम घेऊन, आणि जेथें काम तेथें मुक्काम, इतकी ती सरळ गोष्ट होती.

परंतु या सरळपणाची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. पेठेंत उतरणें म्हणजे कोणाच्या तरी ओसरीवर उतरणें. आणि ओसरी कोणाची हें पाहतांना आलेला कोण हें आधीं पाहिलें जाई. ज्यास जातीचें घर त्या पेठेंत होतें त्यास पेठ मोकळी. ज्यास नव्हतें त्यास ती भिंतीसारखी बंद. मुक्काम म्हणजे आधीं पाणी, आणि पाण्यावरहि पहारा होता. म्हणूनच जोतीराव फुले यांनीं १८६८ मध्यें पुण्याच्या गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठीं खुला केला, ही गोष्ट केवळ एका घराची राहत नाहीं. वाटसरूच्या दृष्टीनें पाहिलें तर, पुण्याच्या पेठेंत तहानलेल्यास जात न विचारतां पाणी मिळेल असें एक दार त्या वर्षीं उघडलें.

तें दार सर्वत्र उघडावयास किती काळ लागला याची साक्ष एका थोर पुरुषाच्या अनुभवांत आहे. १९१७ च्या सप्टेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीसाठीं बडोद्यास गेले. परदेशांतील उच्च शिक्षण झालेलें, संस्थानचा हुद्दा हातीं. पण शहरांत उतरावयास जागा नाहीं. अखेर पारशांच्या एका विश्रामगृहांत, वहींत पारशी नांव लिहून, त्यांनीं मुक्काम केला. तो दहा-अकरा दिवसच टिकला. एके सकाळीं लाठ्या घेतलेली मंडळी दारांत आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. शहरांतील दोन मित्रांकडे त्यांनीं विचारून पाहिलें. एक हिंदु होता, एक ख्रिस्ती. दोघांच्याहि घरीं त्यांची सोय होऊं शकली नाहीं. कामाठीबागेंत कांहीं तास बसून रात्रींच्या गाडीनें ते मुंबईस परतले. ‘कोणत्या पेठेंत उतरावें’ हा ज्यास गमतीचा प्रश्न वाटतो त्यानें ती कामाठीबागेंतील संध्याकाळ आठवावी. निवड करतां येणें ही सुद्धां एक मिळकत आहे, आणि ती सर्वांस वारशानें मिळालेली नाहीं. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाहि नागरिकास हॉटेलांत प्रवेश नाकारतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहावें लागलें, तें उगीच नव्हे.

आतां पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या कांठीं वळूं. चिंचवड हें मोरया गोसावींचें स्थान. त्यांची समाधि नदीकांठीं आहे, व भाद्रपदांत आणि माघांत मोरगांवास जाणारी पालखी येथूनच निघते. पेशवाईच्या अखेरच्या काळांत या गांवीं कांहीं युरोपीय पाहुणे येऊन गेले व त्यांनीं लिहूनहि ठेवलें. कॅप्टन एडवर्ड मूर हा १८०० च्या सुमारास आला, लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०३ मध्यें, आणि मारिया ग्रॅहम ही बाई १८०९ मध्यें. चिंचवडच्या देवांच्या घराण्यांत गणपतीचा अंश पिढ्यान् पिढ्या उतरतो या समजुतीचें त्यांस मोठें नवल वाटलें. मूरनें तर ‘वंशपरंपरागत जिवंत देवता’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंधच ‘एशियाटिक रिसर्चेस’ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांची जिज्ञासा खरी होती. परंतु हे लोक चिंचवडास पाहावयास आले होते, राहावयास नव्हे. जो मनुष्य सकाळीं येतो, देव पाहतो आणि परततो, त्यास गांवांतील नवल दिसतें. गांवाचा नित्यक्रम दिसत नाहीं. नित्यक्रम पाहावयास तेथें रात्र काढावी लागते आणि सकाळीं नदीवर पाणी भरणाऱ्या बायांचें बोलणें ऐकावें लागतें. मुक्कामाचें महत्त्व सोयीपुरतें नाहीं. शहर आपणांस कोणतें तोंड दाखवील हेंहि मुक्कामावरून ठरतें.

इंग्रजांचा वकीलहि याच काळीं पुण्यास राहत होता. १७८६ मध्यें चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून आला. त्यांचें ठाणें पेठांपासून अलग, मुळा-मुठेच्या संगमावर झालें. दरबारावर नजर राहावी इतकें जवळ, आणि गर्दीपासून दूर. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या दिवशीं रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरून निघून खडकीच्या फौजेस मिळाला आणि मागें रेसिडेन्सी जाळली गेली. त्याचा ग्रंथसंग्रह व कागद त्यांत गेले, जीव मात्र वांचला. लाल महालांतील खान आणि संगमावरील एल्फिन्स्टन हे दोघेहि या शहराचे नकोसे पाहुणे. परंतु एकानें भरवस्तींत आंत शिरून मुक्काम केला, आणि दुसऱ्यानें बाहेर पडावयाची वाट मोकळी ठेवून केला.

या सर्वांहून निराळा, आणि आमच्या मतें सर्वांत शहाणा असा एक पाहुणा दरवर्षीं या मुलुखांतून जातो. तो म्हणजे वारकरी. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनीं १६८५ मध्यें पालखीची प्रथा घातली. ज्ञानोबांच्या पालखीस सांप्रतचें रूप हैबतबाबा आरफळकर यांनीं १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत दिलें. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून प्रस्थान होतें. तुकोबांची पालखी देहू सोडल्यावर आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरांत रात्र काढते व मग पुण्यास नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या देवळांत उतरते. ज्ञानोबांची भवानी पेठेंत पालखी विठोबाच्या देवळांत. एवढा समुदाय, परंतु ‘यंदा कोठें उतरावें’ असा घोळ कोणी घालीत बसत नाहीं. पालखीचा मुक्काम ठरलेला, दिंडीचीहि जागा बहुधा ठरलेली, आणि किती तरी घरें त्या दोन दिवसांची वर्षभर वाट पाहतात. मुक्कामासाठीं पूर्वेकडच्या व्यापारी पेठाच कां, याचें कारण आम्हांस तरी असें दिसतें कीं, हजारोंच्या पंक्तीस लागणारें धान्य, वखारींतील जागा आणि पुढें पंढरीकडे निघण्याची वाट हीं तिन्ही तेथें जवळ होतीं. म्हणजे या निवडींत भक्ति आहे तसा हिशेबहि आहे. आजची वाट, उद्यांचा पल्ला आणि रात्रीं आपलेपणानें दार उघडणारें घर, या तीन गोष्टी वारकरी पाहतो; पेठेची प्रतिष्ठा तो पाहत नाहीं.

मुक्कामाच्या या जुन्या घडीस पहिला धक्का आगगाडीनें दिला. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० मध्यें झालाच होता. १८५८ मध्यें खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्यें घाटांतील मार्ग पुरा होऊन मुंबई-पुणें सलग जोडलें गेलें. स्टेशन झालें तें पेठांत नव्हे, पूर्वेकडे लष्कराच्या बाजूस. ओळखीच्या वाड्याऐवजीं अनोळखी खोली, आणि पत्राऐवजीं भाडें, अशी नवी रीत तेथपासून रुजूं लागली. या रीतीस आपल्याकडे पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु तिचा एक गुण मान्य केला पाहिजे. भाडें देऊन राहणारा कोणाचा मिंधा नसतो, आणि त्यास आपल्या कामाजवळची जागा निवडतां येते. खुद्द लोकमान्य टिळकांचें उदाहरण पाहा. पुण्याचे ते अस्सल पेठकर. मुंबईस गेले कीं क्रॉफर्ड मार्केटाजवळच्या सरदारगृहांत उतरत. मुंबईंत त्यांस घरोघर आदरानें ठेवून घेणारे लोक होते. तरीहि मुक्काम भाड्याच्या त्या जागींच असे, कोट, गिरगांव आणि बोरीबंदर तिन्ही हाताशीं असणाऱ्या ठिकाणीं. तेथेंच १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांनीं देह ठेवला. ‘घर असतां लॉजमध्यें उतरणें शोभतें का?’ असें स्नेह्यांस विचारतांना आम्हांस सरदारगृहाची आठवण झाली असती तर बरें झालें असतें.

दुसरा धक्का याहूनहि मोठा. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या वायव्येचा सारा नकाशाच बदलला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या छावणींत आले. त्यांनीं मुक्काम निवडला नव्हता, तो त्यांच्यावर येऊन पडला होता, आणि त्यांतूनच त्यांनीं पिंपरीची भरभराटीची बाजारपेठ उभी केली. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि भोसरी-चिंचवड-आकुर्डीच्या माळावर स्कूटरी, मालमोटारी व यंत्रें यांचे कारखाने ओळीनें उभे राहिले. १९७० मध्यें पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हीं गांवें मिळून नगरपालिका झाली. कामगारांच्या घरांसाठीं १९७२ मध्यें नवनगर विकास प्राधिकरण निघालें, त्याच्याच नांवानें निगडीची वस्ती अजून ‘प्राधिकरण’ म्हणून ओळखली जाते. आणि १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. पुढें कारखाने आणखी उत्तरेस सरकले. मर्सिडीज मोटारी १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीकडील आवारांत जुळविल्या जात; २००९ मध्यें त्या कंपनीनें चाकणास स्वतःचा कारखाना घातला, आणि त्याच वर्षीं फोक्सवॅगनचाहि तेथें सुरू झाला. कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें, पडक्या बुरुजांचें चाकण मोटारींचें गांव झालें. तें पुण्याच्या काय, पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेच्या हद्दींतहि नाहीं. तें खेड तालुक्यांत आहे.

या बदलाचा अर्थ आम्हां पेठकरांच्या नीट ध्यानांत आलेला नाहीं. पूर्वीं चिंचवड-आकुर्डी हे वाटेवरचे मुक्काम होते आणि पुणें हा पल्ला होता. आज हजारों लोकांच्या दृष्टीनें पल्ला चाकण, भोसरी वा आकुर्डी हाच असतो, आणि पुणें हेंच वाटेवरचें गांव. तरी आम्ही त्यांस सांगतों तें जुनेंच: पेठेंत उतरा.

मग आतां कोणीं विचारलें तर काय सांगावें? आम्ही असें सांगूं कीं, आधीं कामाची जागा आणि वेळ पाहा, मग रस्ता पाहा, आणि पेठ सर्वांत शेवटीं. ज्याचें काम चाकणच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीस आहे त्यानें आदली रात्र चाकणांत, फार तर मोशी-भोसरीकडे काढावी. हें लिहीत असतां चाकणास आगगाडीहि नाहीं आणि मेट्रोहि नाहीं, आहे तो मालमोटारींनीं भरलेला रस्ता. ज्याचें माणूस पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयांत आहे त्यानें संत तुकारामनगर वा पिंपरीच सोडूं नये. आजाऱ्याजवळ पोहोंचण्यास लागणारी दहा मिनिटें हीच त्याची खरी सोय. देहू-आळंदीच्या यात्रेकरूनें पुण्यांत उतरून धांवपळ करण्यापेक्षां नदीकांठच्या धर्मशाळेंत रात्र काढावी. पहांटेची इंद्रायणी त्याशिवाय दिसावयाची नाहीं. ज्यास लोणावळ्याच्या बाजूचीं कामें आहेत त्यास चिंचवड, आकुर्डी, तळेगांव या लोकलच्या स्टेशनांजवळची जागा बरी. आणि ज्याचें काम खरोखर पेठांत आहे, जुनीं पुस्तकें, मंडई, नाटक, आप्तेष्ट, त्यानें मात्र अगत्यानें पेठेंतच यावें. २०२२ मध्यें पिंपरीहून निघालेली मेट्रो २०२४ पासून मंडईवरून स्वारगेटपर्यंत जाते. त्यामुळें पिंपरीस राहून पेठेंत येणें, किंवा पेठेंत राहून पिंपरीस जाणें, आतां पूर्वींइतकें जड राहिलेलें नाहीं.

एक गोष्ट यजमानांसाठींहि. पाहुण्यावर प्रेम करणें म्हणजे त्यास आपल्या घरीं ओढून आणणें नव्हे. त्याचें काम सुलभ होईल अशी जागा त्यास शोधून देणें, तेथें कोणी त्याचें नांव-आडनांव विचारून कपाळास आंठ्या घालीत नाहीं ना हें आधीं पाहणें, आणि काम झाल्यावर त्यास जेवावयास बोलावणें, हेंहि आतिथ्यच आहे. घटनेनें हॉटेलाचें दार उघडलें. भाड्यानें खोली देणाऱ्या घरांचीं मनें अजून सर्वत्र उघडलीं आहेत असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? एकटी आलेली मुलगी, परप्रांतांतला कामगार, निराळ्या धर्माचा विद्यार्थी यांस खोली शोधतांना काय ऐकावें लागतें हें ज्यानें त्यानें आपल्या गल्लींत विचारून पाहावें. तेवढा काळ तरी कामाठीबाग आपणांपासून फार दूर नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या मुलास दीड महिन्यानें पुन्हां बोलावणें आलें. या खेपेस आम्हीं आग्रह केला नाहीं. आदल्या दिवशीं तो परस्पर चाकणास उतरला, सकाळीं चालतच कारखान्याच्या दारापाशीं गेला, आणि चांचणींत उतरलाहि. आतां तो मेदनकरवाडीस तीन सोबत्यांबरोबर एका खोलींत राहतो. दिवाळींत तो फराळास घरीं आला तेव्हां आम्हीं सहज म्हटलें कीं, संग्रामदुर्ग एकदां नीट पाहावयाचा आहे; इतकीं वर्षें पुण्यांत राहून तो राहूनच गेला.

तो म्हणाला, ‘काका, मग मुक्कामालाच या. सकाळीं पेठेंतून निघालांत तर उशीर होईल.’

आम्ही गेलों. चौघांच्या त्या खोलींत पांचवी सतरंजी आमच्यासाठीं अंथरली होती. रात्रभर रस्त्यावरून मालमोटारी जात होत्या. पहांटे तीं मुलें डबे घेऊन पाळीस निघालीं, आणि आम्ही एकटेच किल्ल्याकडे चाललों. खंदक बुजत आलेला, बुरुज पडके. परंतु तेथें उभें राहून पाहिलें म्हणजे नाशिककडून, तळेगांवाकडून आणि शिक्रापुराकडून येणारे रस्ते याच गांवीं कां मिळतात हें पुस्तकाविना समजतें. साऱ्या जन्मांत चाकणास काढलेली ही आमची पहिली रात्र होती.